तारखेनं हुकला, तिथीनं साधला

आमच्या लग्नाचा पहिला वाढदिवस दोनदा आला. लग्न झालं 8 डिसेंबर 2022 ला, दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेला. माझ्या माहेरी तारीख धरतात, सासरी तिथी. एरवी पुढच्या वर्षी तिथी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधीच येऊन जाते. पण 2023 मध्ये श्रावण अधिक आला, वर्षात एक महिना वाढला आणि दत्तजयंती थेट 26 डिसेंबरवर गेली. म्हणजे तारखेचा वाढदिवस 8 ला आणि तिथीचा 27 ला. सासूबाईंनी हे जुलैतच बघून ठेवलं होतं आणि कॅलेंडरात 27 च्या चौकटीत पेनानं फूल काढून ठेवलं होतं. मधल्या त्या दिवसांनी आमच्यासाठी काय केलं, ते सांगायला आज लिहायला बसलेय.

मी निफाड तालुक्यातली, द्राक्षबागायतदाराची मुलगी. बी.कॉम. झाले आणि एका पतसंस्थेत नोकरीला लागले. हे येवल्याचे. घरात दोन हातमाग, एकावर सासरे बसतात, एकावर हे. सासऱ्यांना सगळे भाऊच म्हणतात, मीही. आमच्या अण्णांना हे स्थळ सुरुवातीला पटलं नव्हतं. शेतकऱ्याला जमीन तरी असते, विणकराला काय, असं त्यांचं म्हणणं. मी बघण्याच्या कार्यक्रमात सरळ विचारलं, "महिन्याला किती मिळतात?" यांनी आकडा सांगितला आणि पाठोपाठ म्हणाले, "हा लग्नसराईतला. पावसाळ्यात याच्या निम्मे." लग्न ठरवायला आलेला माणूस पावसाळ्यातला आकडा आपणहून सांगतो, याचं मला फार अप्रूप वाटलं. रात्री मी अण्णांना हो म्हणून सांगितलं.

लग्नात मी नेसले ती सेमी पैठणी, यंत्रमागावरची. पैठणी विणणाऱ्याच्या घरी सून येते आणि हातमागाची पैठणी नेसत नाही, याचं माझ्या मावशीला आश्चर्य वाटलं होतं. येवल्यातल्या कुणाला ते वाटलं नसतं. लग्नसराईत दोन्ही माग ऑर्डरीत अडकलेले असतात, आणि मागावरची साडी म्हणजे घराचे येणारे पैसे. ती घरात ठेवायची म्हणजे रेशीम-जरीचा खर्च तर अंगावर येतोच, वर तेवढ्या दिवसांची मजुरीही जाते. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून कांड्या भरतायत, तिल्ल्या भरतायत, म्हणजे विणायचं रेशीम छोट्या नळ्यांवर गुंडाळतायत, तुटलेल्या तारा जोडतायत. त्यांच्या कपाटात एकही पैठणी नव्हती.

येवल्यातले पहिले महिने आठवले की आधी संक्रांत आठवते. लग्नाला सहा आठवडेही झाले नव्हते. काळी साडी, हलव्याचे दागिने, सगळं नेहमीसारखं झालं, पण या गावात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस माणसं गच्चीवरून खाली उतरत नाहीत. मांजा चक्रीवर नाही, आसारीवर गुंडाळतात. आमच्या घरात रेशमाची लड उलगडायला जी आसारी वापरतात, तिचीच ही बहीण. हातात हलव्याच्या बांगड्या आणि त्याच हातात यांची आसारी धरून मी दिवसभर उभी होते. रंगपंचमीला टिळक मैदानात रंगांचे सामने असतात, तेही गच्चीतूनच बघितले. गुढीपाडव्याला सासूबाई गुढीला साडी नेसवता नेसवता म्हणाल्या, "या घरातून इतक्या साड्या गेल्या. एक तरी घरात राहू दे." कुणाला उद्देशून नव्हतं ते. पण भाऊंनी ऐकलं, यांनी ऐकलं आणि मी ऐकलं.

मग आम्ही दोघांनी हिशेब मांडला. हे काम माझं. लग्नातला आहेर मी बँकेत ठेवला होता. त्यातून आमचा स्वतःचा ताणा, म्हणजे मागावरच्या उभ्या तारा, घ्यायचा, व्यापाऱ्याचा नाही. एका ताण्यावर तीन-चार साड्या निघतात. आधीच्या साध्या काठाच्या, लहान पदराच्या विणून विकायच्या, त्यांच्यातून रेशीम-जरीचा खर्च भरून काढायचा, आणि शेवटची आपली. ती लग्नाच्या वाढदिवसाला मागावरून उतरवायची. 40 इंची पदर, बांगडी मोर म्हणजे बांगडीसारख्या गोलातले मोर, नारळी काठ.

रंग मी निवडला. साखर भरत आली की थॉमसन द्राक्षाचा मणी हिरवा राहत नाही, पिवळाही होत नाही, उन्हात धरला तर आतून उजळतो. तो रंग मला हवा होता. हे म्हणाले, "एका रंगानं नाही होणार ते. हिरवा ताणा घेऊ, बाणा पिवळा टाकू." ताण्याची उभी तार एका रंगाची आणि बाण्याची आडवी दुसऱ्या रंगाची असली की कापड हलवल्यावर रंग बदलतो, त्याला धूपछाव म्हणतात. यांनी वीतभर विणून दाखवलं. मी तो तुकडा मोबाइलवर अण्णांना पाठवला. अण्णांचं उत्तर आलं, "अजून आठ दिवस ठेवा, मग तोडा." द्राक्षवाल्या माणसाकडून याहून मोठी दाद नसते.

आता माझ्या मागावर बसण्याबद्दल. आल्या आल्या मी कांड्या भरायला शिकले, मग तिल्ल्या. साडीच्या अंगाचा बाणा धोट्यातून इकडून तिकडे जातो, त्या धोट्यात कांडी बसते. पदराचं तसं नाही. पदराची जमीन जरीची, आणि त्यात मोराचा निळा वेगळा, हिरवा वेगळा, चोचीचा तांबडा वेगळा. प्रत्येक रंगाची छोटी तिल्ली आपापल्या जागी ताण्यातून फिरवायची आणि शेजारच्या रंगात अडकवून परत आणायची. म्हणून खऱ्या पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो, मागे दोरे लोंबत नाहीत. दुकानात पैठणी घेताना कृपा करून पदर उलटून बघा. 2010 पासून पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, तरी यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून खपवली जाते, आणि फसणाऱ्या बाईइतकंच नुकसान विणणाऱ्या घराचं होतं. नुसतं यंत्रमागाचं नेसण्यात काही वाईट नाही, मी स्वतः लग्नात नेसले. ते हातमागाच्या भावात विकणं वाईट.

नवा ताणा लावताना जुन्या ताण्याच्या एकेका तारेला नवी तार सांधायची असते. बोटाला राख लावायची, दोन टोकं जुळवायची आणि पीळ द्यायचा. हजारोंनी तारा. उन्हाळ्यात रेशीम कोरडं पडून जास्त तुटतं, म्हणून दुपारी खोलीत ओली पोती टाकतात. सांधायला सासूबाई आणि मी समोरासमोर बसायचो. माहेरच्या गोष्टी जेवढ्या मी तिथे बोलले तेवढ्या कुठेच बोलले नाही. मान वर करायची नसते, त्यामुळे अवघड गोष्टीही सहज बोलल्या जातात. त्यांच्या दोन मुलांमध्ये एक मुलगी होती आणि ती गेली, हे मला तिथेच कळलं.

मोठ्या पदरावर दोन माणसं शेजारी शेजारी बसतात. आमच्या घरी अंग आधी विणतात आणि पदर शेवटी. पावसाळ्यात भाऊ म्हणाले, "सूनबाई, आता तू डावीकडे बस." मी साधी किनार विणायला तोवर शिकले होते, पण मोर वेगळा. यांनी आधी एका जुन्या ताण्याच्या उरलेल्या तुकड्यावर सराव करायचं ठरवलं. एक मोर यांचा, एक माझा, ओळी तितक्याच, कागदावरचं चित्रही तेच. तयार झाल्यावर माझा मोर यांच्यापेक्षा उंच निघाला. भाऊंनी दोन्ही मोरांवर बोट आडवं ठेवून मापलं आणि हसले. कारण असं की बाण्याची ओळ दाबून बसवणाऱ्या फणीचा ठोका यांच्या बाजूनं जोरात बसत होता आणि माझ्या बाजूनं हलका. जोरात ठोकलं की ओळी दाटून बसतात, मोर बुटका होतो. हलकं ठोकलं की ओळी सैल, मोर उंच.

मला वाटलं माझा हात मजबूत व्हायला हवा. मी जोर लावायला लागले तर दोन दिवसांत खांदा धरला. तेव्हा यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. चौदाव्या वर्षापासून बसलेला हात यांनी बदलला. आपला ठोका हलका केला, आणि माझा थोडासा वाढेल असं बघितलं. भाऊ म्हणाले होते, "तुझा हात बिघडेल रे, ऑर्डरीच्या साडीवर परिणाम होईल." हे म्हणाले, "होऊ दे, परत बसवेन." मग आम्ही ठोक्याच्या वेळी मोठ्यानं "हं" म्हणायला लागलो, म्हणजे दोघांचा हात एकाच वेळी येतो. सुरुवातीला सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, काय झालं म्हणून. हळूहळू "हं" म्हणायची गरज राहिली नाही.

या वर्षात आमची भांडणंही झाली. पतसंस्थेतली नोकरी सोडल्याचं मला अधूनमधून फार लागायचं, आणि हे गप्प बसले की ते जास्त लागायचं. पण मागावर बसलं की भांडण घेऊन बसता येत नाही. ठोक्याला लगेच कळतं. भांडण झालं असेल तर आम्ही त्या दिवशी पदरावर बसायचो नाही, हे आमचं आम्हीच ठरवलेलं.

2023 चा पाऊस सगळ्यांनी बघितला. ऑक्टोबर संपताना सरकारनं दुष्काळी तालुके जाहीर केले, त्यात नाशिक जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. पाऊस नाही म्हणजे लग्नं साधी होणार, आणि ते व्यापारी सगळ्यांच्या आधी ओळखतात. नव्या ऑर्डरी कमी झाल्या. आमच्या साडीला मात्र त्यामुळे वेळ मिळाला. दिवाळीच्या पाडव्याला अंग पुरं झालं, पदराला हात घातला. पाडव्याची ओवाळणी म्हणून यांनी मला एक जरीची रीळ दिली. ताटात सोन्याऐवजी जर बघून सासूबाईंना बरं वाटलं नाही, पण मला दुसरं काहीच नको होतं.

आणि मग 26 नोव्हेंबरचा रविवार. निफाडकडच्या कुणालाही ती तारीख सांगावी लागत नाही. अवकाळी पाऊस आणि गारा. अण्णांचा फोन आला तेव्हा ते नीट बोलतच नव्हते, नुसतं "बाग गेली" एवढंच. बागेत घड मणी धरायच्या अवस्थेत होते. गारांनी काड्या सोलून निघाल्या, पानांच्या चाळण्या झाल्या, जमिनीवर घडांचा सडा. यांनी त्याच संध्याकाळी मागावर कापड झाकलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही निघालो. यांनी कधी बागेत काम केलेलं नव्हतं. अण्णा दाखवतील तसं मोडलेल्या काड्या छाटल्या, तारा ओढल्या, डावणी रोग येऊ नये म्हणून फवारणीला पंप उचलला. अण्णा दुसऱ्या दिवशी यांना "जावईबापू" म्हणायचे थांबले आणि नावानं हाक मारायला लागले.

परत आलो तर यांची बोटं तारांनी आणि औषधानं फाटलेली. खडबडीत बोटाला रेशीम अडकतं, तार ओढली जाते. माझीही तीच अवस्था. सासूबाईंनी रोज रात्री आम्हा दोघांच्या बोटांना साजूक तूप चोळलं, आणि सकाळी बेसनानं धुवून घेतलं, कारण तुपाचा डाग रेशमाला चालत नाही. पण पदराला हात लावायला भाऊंनी परवानगी दिली नाही. रोज सकाळी आमची बोटं स्वतःच्या गालावर फिरवून बघायचे आणि मान हलवायचे. अशानं 8 डिसेंबर आला तेव्हा पदर अर्धाच होता. मोरांना पाय आणि पोट होतं, मान नव्हती.

8 तारखेला आम्ही निदान अंकाईच्या किल्ल्यावर जायचं ठरवलं होतं. तेही राहिलं. आदल्या रात्री केंद्र सरकारनं 31 मार्चपर्यंत कांद्याची निर्यात बंद केली. बागेत गेलेलं थोडं तरी कांद्यात भरून निघेल म्हणून अण्णांनी लाल कांदा काढून ट्रॅक्टर भरला होता. सकाळी भाव कोसळले, लिलाव बंद पडले, जिल्ह्यात ठिकठिकाणी शेतकरी रस्त्यावर बसले. अण्णांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला फोन केला तो बाजाराच्या बाहेर रांगेतून. हे म्हणाले, "चल, डबा घेऊन जाऊ." पिठलं-भाकरी आणि ठेचा बांधला, सासूबाईंनी वर गुळाच्या पोळ्या दिल्या. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाची दुपार आम्ही कांद्याच्या ट्रॉलीच्या सावलीत अण्णांबरोबर जेवून काढली. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यांनाही पोळ्या दिल्या. कशाच्या म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा अण्णांनीच सांगितलं, "पोरीच्या लग्नाला वर्ष झालं." कुणीतरी खिशातून खडीसाखर काढून आमच्या हातावर ठेवली. मी त्या दिवशी रडले, खरंच रडले, अण्णांसाठी.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला कॅलेंडरापाशी नेलं आणि 27 च्या चौकटीवर बोट ठेवलं.

त्यानंतरचे दिवस आम्ही फक्त पदर विणला. भाऊंनी आपला माग सोडून आमच्या तिल्ल्या भरून दिल्या. इतकं मोठं माणूस सुनेच्या तिल्ल्या भरायला बसलं, याचं मला दडपण यायचं, तर म्हणायचे, "तू समोर बघ." घरातली सगळी कामं सासूबाईंनी अंगावर घेतली. मोरांना माना आल्या, तुरे आले, बांगडी पूर्ण झाली. भाऊंनी पुन्हा बोट आडवं ठेवून मापलं. यांचा मोर आणि माझा मोर एका उंचीचे.

दत्तजयंतीला दुपारी साडी उतरली. भाऊंनी हळद-कुंकू वाहून कापली. मी ती घडी तशीच उचलून सासूबाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "आई, घडी तुम्ही मोडा." त्या नाहीच म्हणत होत्या. पहिल्या वाढदिवसाची साडी, तूच नेस, माझं काय वय आहे का. शेवटी भाऊ बाहेरून म्हणाले, "नेस गं. मलाही बघायचीय." संध्याकाळी दत्तजन्माच्या वेळी त्या आमची पैठणी नेसून देवळात गेल्या. ओळखीच्या बायका पदर उलटून उलटून बघत होत्या, आणि सासूबाई सांगत होत्या, "हा माझ्या सुनेचा मोर, हा मुलाचा." कुणालाही फरक ओळखता आला नाही.

27 ला माग बंद. सकाळी अंकाई चढलो, वर अगस्ती ऋषींचं दर्शन घेतलं. वरून मनमाडकडे जाणारी रेल्वे दिसते, ती बघत बराच वेळ बसलो आणि मी पतसंस्थेचा विषय काढला. येवल्यात विणकरांचे हिशेब, जीएसटी, ऑनलाइन विक्री यांची कामं करून देणारं कुणी नीट नाही, ते आपण दुपारच्या वेळात सुरू करू का, असं विचारलं. हे म्हणाले, "पदराला बसायचं सोडू नकोस, एवढंच." ते मी सोडणार नव्हतेच.

संध्याकाळी अण्णा आणि आई आले. खापरावरचे पुरणाचे मांडे केले होते, सासूबाईंचा हात त्यात कुणी धरू शकत नाही. मी साडी नेसून बाहेर आले तर अण्णा लगेच काही बोलले नाहीत. पदर हातात घेऊन दिव्याकडे धरला, तिरका केला, पिवळा कसा चढतो ते बघितलं. मग यांना विचारलं, "हा रंग पुन्हा काढता येईल का? धाकटीचं वैशाखात बघतोय." यांनी माझ्याकडे बघितलं, मी मनात हिशेब केला. वैशाख म्हणजे साडेचार महिने, पदर 28 इंची धरला तर आधीच्या ऑर्डरी सांभाळून बसतं. मी हो म्हणाले. अण्णा म्हणाले, "पैसे देणार हं मी. जावयाची मजुरी बुडवायची नाही." भाऊ हसत म्हणाले, "ते हिशेब सूनबाईकडे."

हिरवा ताणा परवा आलाय. सासूबाईंनी राखेची वाटी काढून ठेवलीय, उद्या सकाळपासून सांधायला बसतोय.